स्वतःच्या मोबाइलमधून लष्करी माहिती फुटली तर फौज नेमकं काय करते?

राजेंद्रनगरी (धागालेखक)

इंदूरला जेल रोडवर माझं डेटा रिकव्हरीचं दुकान आहे. पाण्यात पडलेले, डिस्प्ले गेलेले, चुकून फॉरमॅट झालेले फोन येतात, त्यातले फोटो आणि फायली काढून द्यायच्या हे काम. महूची लष्करी छावणी इथून जवळ, त्यामुळे फौजी आणि त्यांच्या घरची मंडळी ही नेहमीची गिऱ्हाइकं. इन्फंट्री स्कूल, आर्मी वॉर कॉलेज, सिग्नल्सचं म्हणजे लष्कराच्या संदेशवहन दलाचं एमसीटीई कॉलेज, सगळं तिथेच. देशभरातून लोक कोर्सला येतात आणि फोन बिघडला की इंदूर गाठतात.

रिकव्हरी सुरू झाली की पडद्यावर छोटे छोटे फोटो ओळीनं उमटायला लागतात. बाळाचं बारसं, खजराना गणपती, गावाकडची विहीर, आणि मध्येच एखादा टाइप केलेला कागद, वर शिक्का, खाली सही. रजेची यादी, ड्युटीचा तक्ता, कोण कुठे निघालंय त्याचा आदेश. मोठा करून न बघताही कळतं की हा कागद इथे असायला नको होता. बहुतेकदा तो कुणीतरी सोय म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला असतो आणि फोननं आपोआप गॅलरीत साठवलेला असतो. त्या जवानाच्या मनात काळंबेरं काही नसतं.

धागा काढण्याचं निमित्त नागपूरच्या ब्रह्मोस अभियंत्याचं प्रकरण. २०१८ मध्ये अटक, जून २०२४ मध्ये सत्र न्यायालयाकडून जन्मठेप, आणि डिसेंबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं हेरगिरीच्या गंभीर आरोपांतून मुक्तता केली. पण एक कलम कायम राहिलं. गोपनीय फायली स्वतःच्या खासगी उपकरणात ठेवल्या, त्यांची योग्य काळजी घेतली नाही, याबद्दलची तीन वर्षांची शिक्षा. ती त्यानं आधीच भोगली होती.

म्हणजे शत्रूला काही दिलं नाही, तरी खासगी लॅपटॉपवर फाइल असणं हाच गुन्हा ठरू शकतो. हे किती फौजी कुटुंबांना माहीत आहे? माहिती फुटल्याचं किंवा फुटू शकेल असं लक्षात आलं की लष्करात पुढे काय होतं? आणि माझ्यासारख्या दुकानदारानं असा कागद दिसला तर काय करावं? जाणकारांनी कृपया लिहावं.

सुभेदार_सिग्नल्स (निवृत्त)

चांगला विषय घेतलात. सिग्नल्समध्ये आयुष्य गेलं, आता महूतच असतो. जे उघड नियमांत आहे तेवढंच लिहितो.

पहिली गोष्ट, शिक्षा हा शेवटचा भाग असतो. कमांडिंग ऑफिसरच्या कानावर गेलं की त्यांच्या डोक्यात आधी एकच प्रश्न येतो: ही माहिती अजून जिवंत आहे का? उद्या पहाटे निघणाऱ्या काफिल्याची वेळ फुटली असेल तर वेळ बदलता येते, रस्ता बदलता येतो. पासवर्ड, कॉलसाइन (वायरलेसवरची ओळखनावं) बदलता येतात. माणसांची नावं, फोन नंबर आणि नेमणुकीची ठिकाणं एकत्र असलेली यादी फुटली तर मात्र बदलण्यासारखं फार काही राहत नाही. म्हणून रजेच्या यादीला क्षुल्लक समजू नका. ती हातात आली की फोन करणारा थेट म्हणतो, "रामराम साहेब, हेडक्वार्टरमधून बोलतोय, तुमची रजा अमुक तारखेपासून आहे ना?" नाव बरोबर, तारीख बरोबर, समोरचा जवान विश्वास ठेवतो आणि पुढचं सगळं स्वतःच सांगत बसतो.

मग फोन नेटवर्कपासून तोडून ताब्यात घेतला जातो, कुणाकुणाकडे गेलं त्याचा माग काढला जातो, आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते. ही चौकशी असते, खटला नव्हे. आर्मी रूल १८० प्रमाणे ज्याच्या चारित्र्यावर किंवा लष्करी लौकिकावर डाग येऊ शकतो त्याला संपूर्ण चौकशीत हजर राहण्याचा, साक्षीदारांना प्रश्न विचारण्याचा, आपले साक्षीदार आणण्याचा हक्क आहे. कित्येक जवानांना हे ठाऊकच नसतं. "साहेब म्हणतील तिथे सही" असं करून मोकळे होतात. तसं करू नका. रूल हातात घेऊन वाचा.

आणि शेवटचं, पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. त्याच संध्याकाळी स्वतः जाऊन "साहेब, असं झालंय" म्हणणारा जवान, आणि फोन फॉरमॅट मारून गप्प बसलेला जवान, या दोघांकडे युनिट एका नजरेनं बघत नाही. पहिल्याच्या हातून चूक घडलेली असते. दुसऱ्यानं पुरावा नष्ट केलेला असतो, आणि काय गेलं, कुणाकडे गेलं हे कळण्याचा मार्गच बंद केलेला असतो.

सुपर_कॉरिडॉर

मी माहिती सुरक्षेत काम करते, लष्कराशी संबंध नाही. पण फॉरमॅटबद्दल लिहायलाच हवं.

फोनमधला फोटो पुसला म्हणजे तो गेला, असं समजू नका. फोनची साठवण ज्या चिपवर असते ती एकाच जागी पुन्हापुन्हा लिहीत नाही. झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून जागा बदलत राहते. त्यामुळे पुसलेल्या गोष्टीच्या जुन्या प्रती काही काळ मागे राहू शकतात. त्याहून मोठी अडचण फोनच्या बाहेर असते. गूगल फोटोजवर बॅकअप चालू असेल तर पुसलेला फोटोही तिथल्या कचरापेटीत ६० दिवस राहतो. ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या गॅलरीत एकेक प्रत, त्यांच्या बॅकअपमध्ये आणखी एकेक. घरातला जुना टॅब त्याच खात्यावर चालू असेल तर तिथेही. पाठवणाऱ्यानं "सर्वांसाठी हटवा" केलं तरी ज्यांनी तो वेगळा जतन केला त्यांच्याकडचा जात नाही.

म्हणजे पुसल्यानं धोका फारसा कमी होत नाही, तपास मात्र नक्की बिघडतो. तपासणारे फोनची हुबेहूब प्रतिमा काढतात, तिचा हॅश (गणितानं काढलेला त्या प्रतिमेचा ठसा) काढून नोंदवतात, म्हणजे नंतर कुणी एक अक्षर जरी बदललं तरी उघडं पडतं. सगळं विश्लेषण त्या प्रतिमेवर होतं, मूळ फोनला हात लावत नाहीत. फोन सिग्नल अडवणाऱ्या पिशवीत ठेवतात, कारण बाहेरून कुणी दूरस्थ आज्ञा देऊन तो पुसू शकतं. आणि चालू फोन उगीच बंद करत नाहीत, कारण पुन्हा सुरू केल्यावर पासवर्ड घातल्याशिवाय आतली बरीच माहिती कुलूपबंद राहते.

कागद "स्कॅन" करायच्या ॲप्सबद्दलही सांगते. कॅमस्कॅनर आठवतं? ऑगस्ट २०१९ मध्ये कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीत घातक कोड सापडला होता, आणि २९ जून २०२० ला सरकारनं ज्या ५९ ॲप्सवर बंदी घातली त्यांत ते होतं. तोवर असंख्य सरकारी कागद त्यातून गेले असणार. रजेचा दाखला स्कॅन करणाऱ्याला हेरगिरीचा विचार शिवतही नाही. पण कागद कुठल्या सर्व्हरवर जाऊन बसला हे त्याच्या हातात राहत नाही.

बोलून_टाकतो

एवढं सगळं करण्यापेक्षा स्मार्टफोनच बंद करा ना! देशाची सेवा करायची तर साधा फोन वापरावा. आमच्या काकांनी अख्खी नोकरी आंतरदेशीय पत्रांवर काढली.

सुखलियाची_माई

बोलून_टाकतो, माझा मुलगा पायदळात आहे. नातीला पहिला दात आला तो त्यानं व्हिडिओ कॉलवर पाहिला, बर्फात बसून. सुट्टी मिळेपर्यंत तिला चार दात आले होते. पत्रांचे दिवस मीही पाहिलेत, वडील फौजेतच होते. आई दोन-दोन महिने पत्राची वाट पाहायची आणि त्या काळजीनं आजारी पडायची. ते दिवस पुन्हा यावेत असं मला अजिबात वाटत नाही. मुलांनी नियम पाळावेत, आम्हीही पाळू, पण ते नीट समजावून तरी सांगा. घरच्यांना कुणीच काही सांगत नाही.

सुभेदार_सिग्नल्स (निवृत्त)

माई, अगदी बरोबर.

बोलून_टाकतो, बंदीचे प्रयोग झालेत. डिसेंबर २०१९ मध्ये नौदलानं तळांवर आणि जहाजांवर स्मार्टफोन आणि फेसबुक बंद केलं. त्याआधी आंध्र पोलिसांनी केंद्रीय यंत्रणा आणि नौदलाच्या गुप्तचर विभागासोबत सात नौसैनिकांना पकडलं होतं, समाजमाध्यमांवरच्या ओळखीतून जहाजांच्या हालचालींची माहिती दिल्याच्या आरोपावरून. जहाजावर हे जमतं, तिथे जागा मर्यादित, दार एकच. जुलै २०२० मध्ये भूदलानं ८९ ॲप्स काढून टाकायला सांगितली, फेसबुक, इन्स्टाग्राम, ट्रूकॉलरसकट, आणि मुदत होती १५ जुलै. एका लेफ्टनंट कर्नलनी दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं, घरचे परदेशात आहेत, संपर्क तुटेल असं म्हणाले. न्यायालयानं याचिका फेटाळली.

मला तो निर्णय पटतो. पण नुसत्या बंदीनं गरज संपत नाही. युनिटमध्ये रोजचं काम भराभर उरकायचं असतं, कागद दहा जणांपर्यंत पोचवायचा असतो. सरकारी साधन हळू चाललं की माणूस खिशातला फोन काढतोच. म्हणून फौजेनं स्वतःची साधनं बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये एसिग्मा आलं, अंतर्गत नेटवर्कवरचं संदेशवहन, आमच्या सिग्नल कोअरच्याच अधिकाऱ्यांनी तयार केलेलं. नंतर संभव नावाचे सुरक्षित मोबाइल आले, ऑक्टोबर २०२४ मध्ये चीनशी झालेल्या बोलण्यांच्या वेळी ते वापरल्याच्या बातम्या आल्या. पण हे फोन अधिकाऱ्यांपुरते. शिपायाच्या आणि नायकाच्या खिशात बाजारातलाच फोन आहे, आणि कंपनीच्या म्हणजे तुकडीच्या ऑफिसचा कागद फिरतो तो त्याच्याच हातातून. माझा आग्रह आहे की सोय तिथपर्यंत पोचली पाहिजे.

माळव्यातून_बोस्टन

मूळचा इंदूरचा, आता मॅसॅच्युसेट्समध्ये. इथे गाजलेलं प्रकरण सांगतो, कारण त्यात वरिष्ठांवर काय झालं ते बघण्यासारखं आहे.

एप्रिल २०२३ मध्ये इथल्याच एअर नॅशनल गार्डच्या (राज्याच्या राखीव हवाई दलाच्या) २१ वर्षांच्या मुलाला अटक झाली. गोपनीय कागद आधी टाइप करून, मग छापून घरी नेऊन फोटो काढून तो डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर मित्रांच्या गटात टाकत होता. पैसे नाहीत, परदेशी हस्तक नाही, मित्रांत भाव मिळावा एवढंच. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याला १५ वर्षांची शिक्षा झाली. पण हवाई दलाच्या महानिरीक्षकांच्या चौकशीत निघालं की तो न विचारलेल्या विषयांवर नोंदी काढताना सहकाऱ्यांना, वरिष्ठांना दिसला होता, आणि तरी प्रकरण योग्य जागी कळवलं गेलं नाही. १५ जणांवर कारवाई झाली.

इथल्या संरक्षण खात्यात चुकीच्या यंत्रावर गोपनीय माहिती सांडली की आधी ठरवतात की ते हेतुपुरस्सर, हलगर्जीपणानं की नकळत. जवानांना शिकवतात ते साधं आहे: पुसू नका, कुणाला पाठवून "हे बघ" म्हणू नका, यंत्र वेगळं ठेवा, सुरक्षा अधिकाऱ्याला सांगा. उपकरण खासगी असलं तरी ते जमा होऊ शकतं आणि परत मिळेल याची खात्री नसते. इथेच माणूस कचरतो. हजार डॉलरचा फोन जाणार म्हटल्यावर कोण स्वतःहून सांगेल?

सुपर_कॉरिडॉर

शिवाय कागद नसतानाही माहिती फुटते. स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपनं नोव्हेंबर २०१७ मध्ये जगभरातल्या धावण्याच्या मार्गांचा नकाशा काढला. जानेवारी २०१८ मध्ये एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की अफगाणिस्तान, सीरियाच्या ओसाड भागात जे झगझगीत चौकोन दिसतात ते लष्करी तळ आहेत. सैनिक सकाळी तळाच्या कुंपणाकडेने धावत होते, हातात घड्याळ. कुणीही काहीही "पाठवलं" नव्हतं. त्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं मोहिमेच्या भागात स्थान सांगणाऱ्या सोयी बंद केल्या.

बोलून_टाकतो

माई, तुम्हाला दुखवायचं नव्हतं. पण मग युक्रेनमधल्या मकीव्हकात रशियाच्या फौजेचं काय झालं? २०२३ च्या नववर्षाच्या रात्री मोबाइलच्या सिग्नलमुळे इमारत हेरली गेली आणि रशियाच्याच आकड्यानुसार ८९ सैनिक गेले. जिवापेक्षा व्हिडिओ कॉल मोठा नाही.

सुभेदार_सिग्नल्स (निवृत्त)

उदाहरण योग्य आहे, आणि मोहिमेवर फोन बंद याबद्दल माझं दुमत नाही. पण तिथली दुसरी बाजूही बघा. इतकी माणसं एका इमारतीत, दारूगोळ्याच्या शेजारी कुणी ठेवली, हा प्रश्न रशियातल्याच लोकांनी विचारला होता. शिपायाच्या फोनवर बोट ठेवलं की वरच्यांची जबाबदारी झाकली जाते. चौकशी प्रामाणिक असेल तर ग्रुप कुणी बनवला, त्यावर कागद टाकायचा तोंडी हुकूम कुणी दिला, इथपर्यंत ती गेली पाहिजे. मी नोकरीतही हेच म्हणत आलो.

वकील_पलासिया

इंदूर खंडपीठात वकिली करते. कायद्याच्या बाजूनं लिहिते.

१९२३ चा ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट आजही लागू आहे, आणि तो फौजी व नागरिक दोघांनाही लागतो. कलम ३ हेरगिरीचं, संरक्षणाशी संबंधित असेल तर १४ वर्षांपर्यंत. कलम ५ मध्ये माहिती अनधिकृत माणसाला देणं तर आहेच, पण बेकायदा जवळ बाळगणं आणि वाजवी काळजी न घेणंही आहे, तीन वर्षांपर्यंत. नागपूरचं प्रकरण शेवटी इथे येऊन थांबलं. तिथली जन्मठेप माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या सायबर दहशतवादाच्या कलमाखाली होती; जन्मठेप आणि तीन वर्षं यांत जो फरक पडला तो उद्देश सिद्ध होतो की नाही यावरून.

जवानावर आर्मी ॲक्ट, १९५० ही आहे. शिस्तभंगासाठी कलम ६३, कोर्ट मार्शलमध्ये सात वर्षांपर्यंत. शत्रूशी फितुरीनं पत्रव्यवहार केला तर कलम ३४, तिथे मृत्युदंडापर्यंत. खटला फौजदारी न्यायालयात चालवायचा की कोर्ट मार्शलमध्ये हे कलम १२५ खाली लष्करी अधिकारी ठरवतात. सुभेदारसाहेबांनी रूल १८० सांगितला, त्याला जोडून १८२: कोर्ट ऑफ इन्क्वायरीतला जबाब नंतर कोर्ट मार्शलमध्ये त्या माणसाविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, जाणूनबुजून खोटी साक्ष दिली असेल तो अपवाद. म्हणून तिथे खरं बोलायला घाबरू नये. निकालाविरुद्ध सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, आपल्या मध्य प्रदेशासाठी जबलपूरला.

"खासगी फोन, मग माझी गोपनीयता?" असं कुणी विचारेल. गोपनीयता २०१७ पासून मूलभूत हक्क म्हणून मान्य आहे, पण राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ नुसार सैन्यदलांसाठी संसद मूलभूत हक्क मर्यादित करू शकते. सैनिकाचा हक्क त्यामुळे शून्य होत नाही, आकुंचित होतो.

राजेंद्रनगरी, तुमच्या दुकानाबद्दल. कलम ५(२) मध्ये अशी माहिती जाणूनबुजून, स्वेच्छेनं स्वीकारणाराही येतो. तुम्ही दुरुस्तीला फोन घेतलात, कागद मागितला नव्हता, त्यामुळे नुसता दिसल्यानं तुम्ही गुन्हेगार होत नाही. पण काढलेल्या डेटाची प्रत तुमच्या हार्ड डिस्कवर पडून राहिली, तुमच्या मुलानं गंमत म्हणून कुणाला दाखवली, तर बाजू पालटते.

राजेंद्रनगरी (धागालेखक)

वकीलताई, हे फार उपयोगी. आमच्या धंद्यात बॅकअप प्रत महिना-महिना ठेवायची पद्धत आहे, गिऱ्हाईक परत येतं म्हणून. फौजी फोनसाठी आता वेगळी रीत ठरवतोय. समोर बसवूनच काम, डेटा थेट त्याच्याच ड्राइव्हवर, माझ्याकडे काही नाही. असा कागद दिसला तर काम तिथेच थांबवून फोन त्याच्या हातात द्यायचा आणि युनिटला सांगायला लावायचं. बाजारातल्या इतर दुकानदारांशीही बोलणार आहे. याच फोनांतून कागद चोरीला जाऊ शकतात, आणि आमच्यापैकी कुणी पैशाला भुलला तर सीमेवरच्या पोराचा जीव जाईल.

सुखलियाची_माई

हे सगळं वाचून सूनबाईच्या फोनची गॅलरी बघितली. मुलानं दोन वर्षांपूर्वी रजेचा कागद पाठवला होता, तिकीट काढण्यासाठी. त्याच कागदावर आणखी पंधरा-वीस जणांची नावं आणि ठिकाणं आहेत. आता पुसू का ठेवू? फोटो इथे टाकू का, म्हणजे तुम्हाला कळेल?

सुभेदार_सिग्नल्स (निवृत्त)

माई, इथे टाकू नका. मलाही पाठवू नका. पुसूही नका. आज मुलाचा फोन येईल तेव्हा कागदात काय आहे ते बोलायचं नाही, "तू तिकिटासाठी पाठवलेला जुना कागद सूनबाईच्या फोनमध्ये आहे, साहेबांना विचारून सांग काय करायचं" एवढंच. त्यानं कंपनी कमांडरना स्वतः जाऊन सांगावं. दोन वर्षं जुनी रजेची यादी आहे, आभाळ कोसळणार नाही. पण सांगायचं त्यानंच, आणि लगेच.

सुपर_कॉरिडॉर

आणि माई, तोवर त्या फोनवरचा गूगल फोटोजचा बॅकअप थांबवा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये "मीडिया ऑटो-डाउनलोड" आणि "गॅलरीत मीडिया दाखवा" हेही बंद करा. आधीच वर गेलेली प्रत तशीच राहू दे, तिचं काय करायचं ते युनिट सांगेल. अडलं तर मी विजयनगरला असते, घरी येऊन करून देईन. कागद मात्र उघडून दाखवू नका.

सुखलियाची_माई

बोलले त्याच्याशी. सकाळच्या रोल कॉलनंतर साहेबांना भेटतो म्हणाला. बॅकअप नातवानं बंद करून दिला. सुपर_कॉरिडॉर, ते गॅलरीचं सेटिंग काही सापडत नाही, तू रविवारी ये. पोहे करते.